विंडोज आणि लिनक्सचं जुळवताना

भाऊ, सावद्याच्या केळी व्यापाऱ्याचं बिलिंग विंडोजवर आणि हिशोबाचा सर्व्हर लिनक्सवर, असं काम तुझ्याकडे आलंय. दोघांनी एकमेकांच्या डेटाबेसमध्ये थेट हात घालायचा नाही, हे आधी पक्कं कर. मधे एचटीटीपीवर (वेबसाइट ज्या नियमांनी बोलतात ते) एपीआय ठेव, म्हणजे दोन प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची ठरलेली खिडकी. माहिती जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या ठरलेल्या साच्यात पाठव. मग कोण जावामध्ये लिहिलंय आणि कोण पायथनमध्ये, याने फरक पडत नाही.

मराठी नावं असतील तर दोन्हीकडे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत यूटीएफ-८ च ठेव. त्यात 'सावदा' १५ बाइटचा होतो, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, कानासुद्धा, ३ बाइट घेतं. कंटेंट-लेंग्थमध्ये (मजकूर किती बाइटचा आहे ते सांगणारी एचटीटीपीची ओळ) बाइटऐवजी चिन्हं मोजून टाकलीस तर समोरचा अर्धवटच वाचेल. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठव, भारतीय वेळ दाखवताना त्यात साडेपाच तास मिळव.

सगळ्यात जास्त डोकं इथे लाव: लाइट गेली, नेट तुटलं, उत्तर आलंच नाही. नोंद झाली की नाही, कळत नाही. प्रोग्राम पुन्हा पाठवतो आणि एकाच ट्रकचं बिल दोनदा चढतं. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे रे! म्हणून पाठवणाऱ्यानेच प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक द्यावा. तोच क्रमांक परत आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता आधीचंच उत्तर द्यावं.

आणि कोड लिहिण्याआधी विंडोजच्या मशीनवरून कर्ल (कमांड देऊन सर्व्हरला विनंती पाठवायचं साधन) चालवून बघ. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वरच, म्हणजे स्वतःच्याच मशीनपुरता, ऐकतोय का ते तपास. नुसतंच ताटकळत राहिलं तर आधी फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी व्यवस्था) बघ.