खळ्यातली पद्मिनी: आधी सेल्फ मारू नकोस

भाऊ, अमळनेरकडच्या खळ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी प्रीमियर पद्मिनी कार सापडली, झकास! पण बॅटरी लावायची घाई नको. स्पार्क प्लग काढ, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोड, दोन दिवस थांब. मग प्लग न लावताच चौथा गिअर टाकून गाडी हळूच ढकल. अडली तर जोर नको, पुन्हा तेल. मी एकदा तसाच सेल्फ मारला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कापसाची गादी केलेली, ती सगळी कार्बोरेटरमध्ये ओढली गेली. आठवडा गेला साफ करण्यात.

जुनं पेट्रोल काढून टाक. ब्रेकची रबरं गेलेलीच समज. आणि हो, कडब्यात हात घालण्याआधी काठी आपट, साप असतो.

शेजारी म्हशी बांधत असतील तर खालचा पत्रा पेचकसने टोचून बघ. मुताने तो आतून खाल्लेला असतो, वरून रंग चकचकीत. इंजिन परवडतं, पत्रा नाही.

पैसे देण्याआधी आरसी बुक माग. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर सगळ्या वारसांची संमती घे, एकट्या काकांच्या शब्दावर जाऊ नकोस. व्हिंटेज (म्हणजे जुन्या, जपलेल्या गाड्यांच्या) नोंदणीचं मनात असेल, तर त्याला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली लागतात.