घडीच्या चाकूची स्प्रिंग बसवायला स्वस्त घरगुती हत्यारं कशी करावीत?

निमुळती पिन आणि डायल गेज (मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत उंचीतला फरक दाखवणारं घड्याळी माप) लावलेली पट्टी, या दोन हत्यारांवर सगळं काम होतं. ३ मिमीच्या निकामी ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा कापा, हँडड्रिलमध्ये फिरवत पॉलिश पेपरवर टोक निमुळतं करा. ताणलेल्या स्प्रिंगचं भोक चाकूच्या बाजूच्या पत्र्याच्या भोकावर हीच पिन ओढून आणते. पट्टीला ६ मिमी जाडीचा लोखंडी तुकडा पुरे. म्हापसा, मडगावला फॅब्रिकेशनवाल्याकडे विचारा. ॲल्युमिनियम नको, डायल धरणारा मॅग्नेटिक स्टँड त्याला चिकटत नाही. चाकूचाच पत्रा वर धरून त्याच्या पिनांची तिन्ही भोकं पट्टीत पाडा आणि त्यांत पिना बसवा. पातं आणि स्प्रिंग पिनांवर बसवून डायलचं टोक स्प्रिंगच्या पाठीवर, पात्याकडच्या बाजूला टेकवा. पातं उघडं, अर्धं, मिटलेलं, असे तीन आकडे घ्या; तिन्ही वेळा स्प्रिंगची पाठ एकाच उंचीवर यायला हवी. स्प्रिंग सर्वांत खाली असेल तिथं शून्य धरा आणि बाकी दोन ठिकाणी पात्याचं मूळ कानशीनं उतरवा. घाई नकोच, घासलेलं परत भरत नाही! कानस तिरकी गेली तर पातं मिटताना वाकडं बसतं. ०.०५ मिमी राखून ठेवा, ते पात्याला पाणी पाजल्यावर (तापवून कडक केल्यावर) ऑइलस्टोननं काढा. मात्र ही पट्टी त्याच मापाच्या चाकूला चालते. भोकांचं अंतर बदललं की नवी पाडावी लागते. आपल्या पावसाळ्यात पिना तेलात बुडवूनच ठेवा.