हायड्रोपोनिकचं ए-बी खत मातीत चालतं का? आधी गमल्यात काय भरलंय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पालक-लेट्यूसचा पाइपवाला हायड्रोपोनिक (मातीविना, खताच्या पाण्यावर वाढवायचा) सेटअप बंद केला, त्याच्या ए आणि बी या पातळ खतांच्या बाटल्या अर्ध्याहून जास्त उरल्यात, आता त्या छतावरच्या टमाटर, मिरची, तुळशीला आणि खाली अंगणातल्या क्यारीत मोगरा-जास्वंदाला घातल्या तर चालेल का. आणि कुणीतरी सांगितलंय की याने माती मरते.

चालतं, आणि योग्य प्रमाणात दिलं तर माती अजिबात मरत नाही. फक्त छतासाठी आणि अंगणासाठी एकच उत्तर देता येत नाही. तुमचे छतावरचे गमले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताचे आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि अंगणात आपली इंदूरची, माळव्याची काळी माती. या दोन्ही गोष्टी खताशी अगदी वेगळ्या वागतात.

आधी बाटलीत काय असतं ते बघू. ए मध्ये मुख्यतः कॅल्शियम नायट्रेट आणि बहुतेक वेळा चिलेटेड लोह (म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं), बी मध्ये पोटॅश, फॉस्फरस, मॅग्नेशियम सल्फेट आणि बाकीची सूक्ष्म अन्नद्रव्यं. दोन बाटल्या यासाठी की घट्ट द्रावणात कॅल्शियम सल्फेटला भेटलं तर जिप्सम होतं, फॉस्फेटला भेटलं तरी खाली साका बसतो, मग ते झाडाच्या कामाचं राहत नाही. म्हणून बादलीभर पाण्यात आधी ए, नीट ढवळून मग बी, दोन्ही झाकणं एका कपात कधीच ओतायची नाहीत, मातीला देतानाही हाच नियम.

यातला नायट्रोजन जवळपास सगळा नायट्रेटच्या रूपात असतो, म्हणजे तयार जेवण. युरिया टाकला की मातीतले जीवाणू आधी त्याचा अमोनिया करतात, मग नायट्रेट, मग झाडाला मिळतं, पाइपात हे जीवाणू पुरेसे नसतात म्हणून तिथे तयारच द्यावं लागतं. मातीत याचा फायदा असा की दोन-चार दिवसांत पान हिरवं दिसायला लागतं. तोटा असा की नायट्रेटला माती धरून ठेवत नाही, पाण्यासोबत खाली निघून जातं. म्हणून जुलै-ऑगस्टात झड लागलेली असताना छतावर हे खत देऊच नका, सरळ गटारीत जातं.

आता छतावरचे गमले. इथे बिनधास्त वापरा, कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न फारसं नसतंच. उलट कोकोपीट कॅल्शियम-मॅग्नेशियम आपल्याकडे ओढून घेतं आणि बदल्यात पोटॅशियम-सोडियम सोडतं, त्यामुळे ए बाटलीची तिथे खरी गरज आहे. टमाटरचं खालचं तोंड काळं पडतं ना, कोकोपीटच्या गमल्यात त्याचं एक कारण हे असतं. बाटलीवर हायड्रोपोनिकसाठी जेवढे एमएल लिहिलेत त्याच्या अर्ध्याने सुरू करा, आठवड्यातून एक-दोनदा, मध्ये साधं पाणी. टमाटर फळावर आलं की थोडं वाढवा. गांडूळखत जास्त भरलं असेल तर पाव मात्राही पुरते. तुळशीला महिन्यातून एकदा पाव मात्रा खूप झाली, जास्त दिलं की पानं मोठी होतात आणि वास पातळ होतो. पालक कापायच्या आधीचा आठवडा फक्त पाणी द्या, पालेभाजी पानात नायट्रेट साठवून ठेवते.

कोरड्या गमल्यात कधीच टाकू नका, आधी साधं पाणी मग खताचं. आणि खताचं पाणी एवढं द्या की खालच्या भोकातून थोडं बाहेर येईल. लोक वाचवायला म्हणून कपभर-कपभर देतात, मग पाणी उडून जातं आणि क्षार गमल्यातच साठत जातात, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर फारच भराभर. कडेला पांढरा थर दिसला, पानांची टोकं करपायला लागली की समजा क्षार वाढले. मग खत बंद, आणि गमल्याच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी हळूहळू सोडून धुऊन काढा.

पाणी कुठलं देता हेही बघा. बोरिंगचं असेल तर ते आधीच जड असतं, त्यात खत घातलं की क्षारांची बेरीज होते. तुमच्याकडे सेटअपचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) असेलच, आधी नुसतं पाणी मोजा आणि मग खत घालून. फक्त तुमचा मीटर ५०० च्या स्केलवर आहे की ७०० च्या ते पाहून घ्या, एकच पाणी, ईसी (पाण्यातून वीज किती वाहते त्याचं माप) १, एका मीटरवर ५०० दाखवतं आणि दुसऱ्यावर ७००, आणि लोक एकमेकांचे आकडे तसेच उचलतात. नर्मदेचं पाणी मिळत असेल तर गमल्यांसाठी तेच राखून ठेवा.

आता अंगण. इथे मात्र माझं मत स्पष्ट आहे, ए-बी काळ्या मातीत ओतणं म्हणजे ज्याचं कोठार भरलंय त्याच्या दारात पोतं रिकामं करणं. आपल्या काळ्या मातीत कॅल्शियम भरपूर असतं, पोटॅशही सहसा कमी नसतं, वरून चुनखडीचे कंकर. पीएच (आम्ल-अल्कतेचं माप, ७ च्या वर म्हणजे अल्कधर्मी) साडेसात ते साडेआठ. तुम्ही टाकलेला फॉस्फरस चुन्याला चिकटून बसतो. आणि लोह! जास्वंद, मोगरा, लिंबू पिवळे पडतात म्हणून लोक ए-बी टाकतात, पण पुष्कळशा बाटल्यांत लोहाला धरून ठेवणारं रसायन ईडीटीए असतं, ते लोह पीएच साडेसहापर्यंतच ठीक टिकतं. पुढे मातीतलं कॅल्शियम ईडीटीएला धरून बसतं आणि लोह सुटून गंजासारखं निरुपयोगी होतं. डीटीपीए या दुसऱ्या रसायनावालं लोह साडेसातपर्यंत बरं. काळ्या मातीत टिकतं ते ईडीडीएचए या तिसऱ्या रसायनावालं, पाण्यात गडद लाल रंग येतो, पाकिटावरच्या मात्रेने मुळांजवळ द्या आणि वर पाणी सोडा.

पण त्याआधी पान नीट बघा. नवीन, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. खालची जुनी पानं सरसकट पिवळी, तर नायट्रोजन. जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी, तर मॅग्नेशियम. आणि काळी माती सतत ओली राहिली तर मुळांना हवा मिळत नाही आणि लोह असूनही झाडाला घेता येत नाही, तिथे खत नको, पाणी कमी करायला हवं. अंगणातल्या टमाटरचं तोंड काळं पडलं तर तिथेही कॅल्शियम कमी नसतं, पाणी कधी तुडुंब कधी सुकं असं होतंय.

तुमच्या मातीत चुना किती ते घरीच कळतं, कोरड्या मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका, फसफसली तर मोकळा चुना आहे. अशा मातीत पीएच डाउनची (पीएच उतरवायच्या आम्लाची) बाटली ओतून काहीच होत नाही, चुना ते आम्ल खाऊन टाकतो. ते कोकोपीटला बोरिंगचं पाणी देत असाल तर वापरा.

माती मरते म्हणणाऱ्यांचं एक मात्र खरं, सतत जास्त फॉस्फरस दिला तर मुळांसोबत राहणारी मायकोरायझा बुरशी मागे पडते, आणि या बाटल्यांत सेंद्रिय काहीच नसतं. झाडाला जेवण मिळतं, मातीला नाही. काळ्या मातीला भुसभुशीत ठेवायला कंपोस्टच लागतं, आणि त्यासाठी इंदूरवाल्यांनी लांब कशाला जायचं, अल्बर्ट हॉवर्डनी १९२४ ते १९३१ इथेच, आज जिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे तिथल्या संस्थेत, पालापाचोळा आणि शेण थर देऊन कुजवायची पद्धत बसवली, जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात. क्यारीत वर्षातून दोनदा ते घाला, पावसाळ्याआधी आणि थंडी सुरू होताना.

बाटल्या संपल्या की गमल्यांसाठी पुन्हा तीच विकत घेऊ नका, त्यात बहुतांश पाणीच असतं. छावणीकडे खाद-बियाण्यांच्या दुकानात कॅल्शियम नायट्रेट आणि १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) किलोवर मिळतं, फार स्वस्त पडतं. १९:१९:१९ मध्ये अर्ध्याहून जास्त नायट्रोजन युरियाचा असतो, म्हणून ते पाइपात चालत नाही पण मातीत, गांडूळखत असलेल्या गमल्यात छान चालतं. दोन्ही एकाच दिवशी एकत्र कालवू नका, एक आठवडा हे, एक आठवडा ते, लिटरला एक ग्रॅमपेक्षा जास्त नको.

तोपर्यंत उरलेल्या बाटल्या छतावरच्या उन्हातून खाली आणा, उजेडाने ए मधलं लोह खराब होतं. बी च्या तळाशी थंडीत खडे जमले असतील तर बाटली कोमट पाण्यात ठेवून हलवा, विरघळतात. ए मध्ये मात्र पांढरा साका दिसत असेल आणि कोमट पाण्यानेही जात नसेल, तर कधीतरी बी चा चमचा त्यात गेला असणार, ती बाटली सोडून द्या.