आठवी ते दहावी : सर्व विषयांची शेवटची पंगत

प्रश्न : माझी मुलगी सांगलीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. इतिहास, मराठी आणि चित्रकला हे तिचे आवडते विषय असून गणितातही ती बरी आहे. जूनपासून तिला एका खासगी क्लासच्या, अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांची आतापासून तयारी करून घेणाऱ्या फाउंडेशन बॅचला घातले आहे. तेथील सरांचे म्हणणे असे, की ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये सामाजिक शास्त्रे तशीही गळतात, तेव्हा त्यांवर वेळ घालवू नये आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचा नादही सोडावा. माझ्या यजमानांना हे पटते, मला मात्र पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाही. ‘लिबरल आर्ट्स’ हा शब्द हल्ली जाहिरातींत वाचते. माध्यमिक शाळेत अशा शिक्षणाचे खरोखर काही मोल असते काय, की तो पैसेवाल्यांचा शौक आहे?
— एक पालक, सांगली

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातील शंका रास्त आहे. या नावाने चालणाऱ्या खासगी विद्यापीठांतील पदवीचे शुल्क पाहिले, तर कोणाही पगारदार माणसाला तो पैसेवाल्यांचा शौकच वाटेल. परंतु मूळ कल्पनेचा त्या शुल्काशी संबंध नाही आणि आपल्याकडील ‘कला शाखे’शी तर त्याहून नाही. मध्ययुगीन युरोपात या नावाखाली सात विद्या मोडत असत : व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन, आणि अंकगणित, भूमिती, संगीत व खगोल या चार. संगीत तेव्हा स्वरांमधील प्रमाणांचे शास्त्र म्हणून शिकवले जाई, त्यामुळे पुढच्या चारही विद्या गणिताच्याच घरच्या होत्या असे म्हणता येईल. आपण ‘आर्ट्स’चे ‘कला’ केले, मग कला शाखा म्हणजे ज्यांना सायन्स मिळाले नाही त्यांची शाखा असा अर्थ रूढ झाला आणि गणितासह सर्व विद्यांचा एकत्र अभ्यास ही मूळची गोष्ट त्या भाषांतराखाली गाडली गेली.

आता आपल्या मुलीकडे येऊ. राज्य मंडळाच्या शाळेत दहावीपर्यंत प्रत्येक विद्यार्थी तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे असे सर्व विषय शिकतो. अकरावीच्या दारातच ही वाटचाल संपते आणि कला, वाणिज्य, विज्ञान अशा भिंती उभ्या राहतात. शाखांमध्ये अशा ताठर भिंती असू नयेत असे २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते खरे, पण नीट, जेईई आणि सीईटी यांच्याभोवती घरोघरचे वेळापत्रक फिरते आहे तोवर त्या भिंती घरातल्या घरातच बांधल्या जाणार. म्हणून आपल्याकडील बहुसंख्य मुलांना मिळणारे लिबरल शिक्षण म्हणजे आठवी ते दहावी ही तीन वर्षे होत. सर्व विषयांची ही शेवटची पंगत असते. क्लासवाले सर आपल्या मुलीला निम्म्या जेवणावरून उठायला सांगत आहेत, आणि आपल्याला जे पटत नाही ते बहुधा हेच असावे.

‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चा त्यांचा हिशेबही कच्चा आहे. मंडळ सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर टक्केवारी काढते हे खरे, परंतु सहावा विषय कोणता ठरेल हे निकालाच्या दिवशीच कळते. गणित गळून सामाजिक शास्त्रांनी टक्केवारी सावरली, अशा गुणपत्रिका मी कितीतरी पाहिल्या आहेत. तरीही गुणांच्या वादात मी फार शिरत नाही, कारण इतिहासाचे मोल गुणांनी सिद्ध करू गेलो, तर ज्या दिवशी गुणांचे नियम बदलतील त्या दिवशी ते मोलही संपेल.

माझ्या मते खरे मोल कोठे आहे ते एका प्रसंगातून सांगतो. मी माध्यमिक शाळेत शिकवत असताना नववीच्या मुलांना घरातील वडीलधाऱ्यांकडून दुष्काळाच्या आठवणी लिहून आणायला सांगितल्या होत्या. एका मुलीने आजीची हकिगत आणली : खडी फोडण्याचे काम, तेथे खायला मिळणारी कोरडी सुकडी, रेशनवर आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी आणि त्याच्या न फुगणाऱ्या भाकरी. सर्व तपशील जिवंत होते, पण आजी ठासून सांगत होती की हे १९७३ साली घडले, आणि वर्गात तर आम्ही ‘१९७२चा दुष्काळ’ असे म्हणत होतो. वर्गातील अर्ध्या मुलांनी आजीला चुकीचे ठरवले. त्या मुलीने मात्र हट्टाने विचारले, की आजीने स्वतः खडी फोडली आहे, तर तिचे साल चुकेल कसे? मग आम्ही पावसाळा कधीचा फसला आणि दुष्काळी कामे कोणत्या महिन्यांत चालली, हे फळ्यावर मांडले. पाऊस फसला तो १९७२चा, पण घरातले धान्य संपून माणसे खडीवर गेली आणि उन्हाळाभर राबली ती १९७३मध्ये. आजी आणि पुस्तक दोघेही बरोबर होते. पुस्तक पावसापासून मोजत होते आणि आजी भुकेपासून.

त्या तासाला मुले जे शिकली, ते प्रयोगशाळेत दोन मोजमापे जुळत नाहीत तेव्हाही लागते, रुग्णाची हकिगत आणि तपासणीचा अहवाल यांचा मेळ बसत नाही तेव्हाही लागते, आणि कोणीतरी पाठवलेला संदेश पुढे ढकलण्याआधी तर हमखास लागते. सांगणारा कोण, तो केव्हा आणि कोठे उभा राहून सांगतो, आणि दोन साक्षी जुळत नाहीत तेव्हा एकीला लगेच खोटे न ठरवता काय करायचे, याची सवय चौदाव्या-पंधराव्या वर्षी लागली तर लागते. नंतर अभ्यासक्रम वाढतो, वेळ उरत नाही आणि मनही जरा आखडते.

ही सवय आणि गणित एकमेकांच्या आड येत नाहीत, याचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. वडील धर्मानंद पाली भाषेचे पंडित होते. त्यांच्याबरोबर दामोदर अमेरिकेत गेले आणि तेथील केंब्रिज हाय अँड लॅटिन स्कूल या माध्यमिक शाळेत शिकून पुढे १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. व्यवसायाने ते गणिती होते. फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले, आणि आनुवंशिकीतील त्यांचे १९४४चे सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि प्राचीन आहत, म्हणजे ठसे ठोकून बनवलेली, नाणी तराजूवर ठेवून, चलनात हाताळली जाताना नाणे किती झिजते यावरून त्यांचा कालक्रम लावला. नाणी इतिहासाची होती आणि झिजेचा हिशेब संख्याशास्त्राचा. अर्थात कोसंबी शंभर वर्षांत एखादाच होतो, तेव्हा चित्रकला न सोडल्यास आपली मुलगी कोसंबी होईल असे आश्वासन मी देत नाही. विषय एकमेकांची जागा खातात ही समजूत तेवढी खोटी आहे, असे सांगतो.

चित्रकलेचे तर मला नवलच वाटते. इंटरमिजिएट परीक्षेत स्थिरचित्र आणि स्मरणचित्र यांच्या जोडीला घनभूमिती असते, म्हणजे एखादी घनवस्तू वरून कशी दिसेल आणि समोरून कशी दिसेल, हे मोजून काढायचे असते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी मुले इंजिनिअरिंग ड्रॉइंगपुढे घाम पुसत बसतात, ते याच प्रकारच्या आकृत्यांपुढे. ज्या मुलीला अभियांत्रिकीकडे पाठवायचे तिच्या हातातून ती पट्टी आणि पेन्सिल आधीच काढून घेणे, यात कोणते फाउंडेशन आहे ते सरांनाच विचारावे.

आपल्या यजमानांची बाजूही मला मांडली पाहिजे. इतिहास ज्या रीतीने बहुतेक शाळांत शिकवला जातो, त्या रीतीने तो शिकण्यात मोल नाही, हे त्यांचे म्हणणे असेल तर मी त्यांच्या बाजूचा आहे. दहावीचे २०१८ साली आलेले इतिहासाचे पुस्तक पाहावे : त्यात इतिहास कसा लिहावा याचा विचार करणारे व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स आणि फुको आहेत, स्त्रीवादी इतिहासलेखन आहे, खेळ आणि पर्यटन यांचा इतिहास आहे. इतके धाडसी शालेय पुस्तक मी तरी दुसरे पाहिलेले नाही. आणि मुले त्यातून काय नेतात? ‘आधुनिक इतिहासलेखनाचे जनक : व्हॉल्टेअर’ हे चार पर्यायांतून निवडायचे उत्तर, तेही गाइडमधून. शिवाय ज्या घरात पहिला पगार लवकर येणे गरजेचे आहे, त्या घराने नोकरीच्या वाटेचा आधी विचार करणे हा शहाणपणाच आहे. मात्र त्यासाठीही नववीत इतिहास टाकावा लागत नाही.

माझे सांगणे एवढेच, की क्लास बंद करू नका, पण शाळेच्या दिवसांत चित्रकलेची परीक्षा होऊन जाऊ द्या, आणि आठवड्यातून एकदा मुलीला गाइड बाजूला ठेवून पुस्तकातील एकच पाठ वाचायला आणि त्यावर आपल्या शब्दांत पानभर लिहायला लावा. ते पान तिच्या वडिलांनी वाचावे आणि जे पटत नाही तेथे वाद घालावा. वाद घालण्याची हौस त्यांना आहे, असे आपल्या पत्रावरून दिसते.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवतो. तुकडीत ६० मुले आहेत, अभ्यासक्रम वेळेत संपत नाही आणि माझे तास अधूनमधून गणितासाठी घेतले जातात. अशा स्थितीत ‘विचार करायला शिकवा’ हा उपदेश कसा पाळावा?
— एक शिक्षक

उत्तर : संपूर्ण पाळता येणार नाही, आणि तसे भासवूही नये. परंतु अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आपल्या हातात आहेत, जे बहुतेक ठिकाणी वह्या झाकून वाटले जातात. त्यांतील काही गुणांसाठी प्रत्येक मुलाकडून वर्षात एकच काम घ्यावे : घरातील एखादा कागद, जुना सातबारा, रेशनकार्ड किंवा लग्नपत्रिका, समोर ठेवून त्यावरून काय कळते आणि काय कळत नाही, हे दहा ओळींत लिहावे. ‘काय कळत नाही’ हा भाग गाळू देऊ नका, कारण नक्कल करणाऱ्याला तोच जमत नाही. ६० पाने तपासायला दोन संध्याकाळी जातील. गेलेल्या तासांबद्दल मात्र भांडावे. गणिताच्या शिक्षकांशी नव्हे, तर वेळापत्रक करणाऱ्यांशी.

प्रश्न : मला दहावीत ९१ टक्के मिळाले आहेत. मला अर्थशास्त्र शिकायचे आहे, म्हणून कला शाखेत जाणार आहे. घरचे नाराज आहेत. आता गणितापासून सुटका झाली असे समजू का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : शाखा तुझी तू निवडलीस हे बरे केलेस, पण गणित सोडू नकोस. पुढे अर्थशास्त्रात ते पदोपदी लागेल, आणि राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकाच्या नावातच ‘गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)’ असे लिहिलेले आहे. घरच्यांना ते मुखपृष्ठ दाखव, नाराजी थोडी उतरेल. अडचण वेगळीच आहे : कला शाखेत गणित घेणारी मुले थोडी असल्याने अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत तो विषय फक्त माहितीपुस्तकात असतो. म्हणून प्रवेशअर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वी तेथे जाऊन कार्यालयात विचार, की मागील वर्षी कला शाखेच्या किती मुलांनी गणित घेतले होते आणि त्यांचा तास कोणत्या वेळेला भरत होता.