ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सही आहे, ट्रेनिंग मात्र झालंच नाही

प्रश्न : नवी मुंबईत, महाप्यातल्या एका केमिकल कंपनीत मी ठेकेदारामार्फत ऑपरेटर होतो. वय 35, पगार 24,000. मार्च 2025 मध्ये कॉस्टिक लायची (जाळणाऱ्या तीव्र अल्कलीच्या द्रावणाची) नळी निसटली आणि लाय उजव्या डोळ्यात गेली. त्या डोळ्याने आता काहीच दिसत नाही. कंपनी म्हणते, सेफ्टी ट्रेनिंगच्या रजिस्टरवर दर महिन्याला तुझी सही आहे, गॉगल घातला नाहीस, चूक तुझी. ट्रेनिंग कधी झालंच नाही. महिनाअखेरीस सुपरवायझर रजिस्टर फिरवायचा आणि आम्ही सगळ्या तारखांपुढे सह्या करायचो. नंतर ठेकेदाराने 40,000 रुपये देऊन स्टॅम्प पेपरवर ‘आता काही देणं-घेणं नाही’ असं लिहून घेतलं. काही करता येईल का? (घणसोलीहून एक वाचक)

उत्तर : रबाळे, पावणे, तुर्भे, तळोजा. पत्रावरचं गाव बदलतं, रजिस्टर तेच असतं. न झालेल्या ट्रेनिंगखाली वर्षभर सह्या करताना एकदाही वाटलं नाही का, की हा कागद कुणाच्या कामी येणार आहे? असो. सही झाली, ती आता पुसता येत नाही. ती किती जड आहे ते पाहू.

कंपनीचा सगळा डोलारा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 मधल्या एका अपवादावर उभा आहे. कलम 3(1)(ब) सांगतं की सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला आदेश किंवा स्पष्ट केलेला नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेसाठी दिलंय हे माहीत असलेलं साधन जाणूनबुजून दूर सारलं आणि थेट त्यामुळेच अपघात झाला, तर मालक भरपाई द्यायला बांधील नाही. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव चालत नाही. तुमचा एक डोळा शाबूत आहे, म्हणून तुमच्याविरुद्ध तो चालू शकतो. दैव म्हणा.

आता शब्द नीट वाचा. ‘स्पष्ट दिलेला’, ‘माहीत असलेलं’, ‘जाणूनबुजून’. सिद्ध करायचं ओझं मालकावर. सहीने फार तर पहिला शब्द सिद्ध होतो, तोही ट्रेनिंग खरोखर झालं असेल तर. घाईत गॉगल न लावणं हा निष्काळजीपणा झाला. निष्काळजीपणा म्हणजे जाणूनबुजून केलेली अवज्ञा नव्हे. शिवाय तुम्ही पत्रात पुढे सहज लिहून गेलात की तीन जणांत एकच गॉगल होता, तो स्टोअरमध्ये असायचा आणि रात्रपाळीला स्टोअरची किल्ली शिफ्ट इन्चार्जच्या खिशात. अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! जे साधन हाताशीच नव्हतं ते दूर कसं सारणार? आयवॉशच्या (डोळे धुण्याच्या नळाच्या) पुढ्यात ड्रम रचलेले होते, म्हणून तुम्हाला बाथरूमपर्यंत धावावं लागलं, हेही तसंच. अल्कली डोळ्यात आत आत उतरत जाते. पहिल्या मिनिटाला सुरू करून निदान पंधरा मिनिटं सतत पाणी मारायचं असतं. ट्रेनिंग झालं असतं तर तुमच्या हेल्परला हे ठाऊक असतं. त्याने रुमालाने डोळा पुसला.

म्हणून आजचं काम एकच. सही केलेल्या ट्रेनिंगच्या तारखा आणि गेटवरच्या पंचिंगची नोंद समोरासमोर आली पाहिजे. सगळ्या सह्या एका दिवशी केल्या असतील, तर त्यातल्या एखाद्या तारखेला तरी तुम्ही सुट्टीवर किंवा रात्रपाळीला असणारच. दुपारी चारच्या ट्रेनिंगला सही, आणि पंच रात्री दहाचा! मस्टर (हजेरीपट) कुठे जात नाही, पण पंचिंगचा डेटा मशीन बदललं की उडतो, कधी ‘उडवला’ जातो. कंपनी आणि ठेकेदार दोघांनाही या आठवड्यात स्पीड पोस्टाने लेखी कळवा की रजिस्टर, मस्टर, पंचिंगची नोंद आणि त्या पाळीचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, दाव्यात लागणार आहे. चित्रण बहुधा गेलेलं असेल, तरी लिहा. पुढे त्यांनी नोंदी दिल्या नाहीत, तर न देण्याचाही अर्थ काढता येतो.

स्टॅम्प पेपरची फार धास्ती घेऊ नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम 17 नुसार रद्दबातल आहे, आणि तडजोड नुकसानभरपाई आयुक्तांकडे (म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात) नोंदवलेली नसेल तर पूर्ण रकमेची जबाबदारी कायम राहते. 40,000 पैकी काही वजा होतील, इतकंच.

ठेकेदारासोबत कंपनीलाही प्रतिवादी करा. कलम 12 त्यासाठीच आहे. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे मार्च 2027. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण माफी मागत दावा सुरू करण्यात शहाणपण नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यावरून समोरचे वकील हरकत घेतील. घेऊ देत. अपघात आधीचा आहे आणि हक्क त्या दिवशीच जन्मला.

रक्कम? एका डोळ्याची दृष्टी जाणं, दुसरा ठीक असताना, 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टात 30 टक्के धरलं आहे. पगार 15,000 च्या वर कितीही असो, हिशेबाला 15,000 च. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले वय 35 साठीचा गुणक 197.06, म्हणजे 17,73,540; त्याचे 30 टक्के 5,32,062 रुपये. वर 12 टक्के व्याज, आणि विनाकारण अडवलं म्हणून 50 टक्क्यांपर्यंत दंड मागता येतो. डोळ्याचा दाखला सरकारी रुग्णालयातून घ्या. थोडी नजर उरली असेल तर आकडा बदलेल.

हे सगळं तुम्ही ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नाही असं धरून. 24,000 पगार म्हणजे 21,000 च्या मर्यादेबाहेर, पण ठेकेदाराने कागदावर काय दाखवलंय ते पगाराच्या पावतीवर बघा. विमा क्रमांक निघाला तर हा दावा चालत नाही, ईएसआयसीकडे अपंगत्व लाभ मागावा लागतो. तिथे नियम मोडला हा मुद्दा फारसा आड येत नाही, कारण काम मालकाच्याच धंद्याचं होतं.

कारखाने कायद्यात माहिती, सूचना आणि प्रशिक्षण देणं हे मालकाचं कर्तव्य (कलम 7अ) आणि प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क (111अ) होता. खटला मात्र फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या हाती, त्याला कळल्यापासून तीन महिन्यांच्या मुदतीत. त्या नादी लागू नका. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून अपघाताची सूचना आणि चौकशीचा अहवाल तेवढा मिळवा. 48 तास कामावर येता आलं नाही की सूचना देणं बंधनकारक होतं. सूचनाच गेली नसेल, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच.

कायदा म्हणतो, निकाल तीन महिन्यांत. ठाण्याच्या कामगार न्यायालयात तेवढ्यात समन्स बजावून झालं तरी पेढे वाटा. म्हणूनच त्या हेल्परचा गावाकडचा पत्ता आत्ताच लिहून घ्या. साक्षीची वेळ येईल तेव्हा तो महाप्यात नसेल.