गावात पहिल्यांदा रिसर्चला जाणाऱ्यांसाठी

अगं, प्रश्नावली छापून थेट गावात जाऊ नकोस, आधी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाबद्दल वाच. तिथं अभ्यासगट वेगळा नि ग्रामसभा वेगळी, अभ्यासगटात बाहेरचे पण बसतात, माहिती देतात, वाद घालतात, पण निर्णय ग्रामसभेचाच आणि तोही सर्वसहमतीनं. 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला त्यामागं ही सवय आहे असं मला मनापासून वाटतं.

मीटिंगची वेळ कोण ठरवतंय ते बघ. सकाळी अकराला ठेवलीस तर मजुरीवर गेलेल्या बायका येणारच नाहीत, मग दोन-चार पुढारी बोलणार आणि रिपोर्टात तेच ‘गावाचं मत’ म्हणून जाणार. गावाचा नकाशा जमिनीवर काढताना खडू गावकऱ्यांच्याच हातात दे, तू मागं बस, आणि बायकांचा नकाशा वेगळा काढून घे, कारण कुठल्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नाहीत हे सगळ्यांसमोर कोणी सांगत नाही.

मीटिंगला येणाऱ्यांच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे प्रपोजलमध्येच धर, प्लीज. आणि रिपोर्टाचा मसुदा गावकऱ्यांना मराठीत वाचून दाखव, एखादं ‘हे छापू नका’ म्हणाले तर काढायचं. पेपरवर नावं कुणाची हे पण सुरुवातीलाच बोलून घे, नंतर गाइड ऐकत नाहीत.