दक्षिण बेटावर पहिल्यांदा कॅम्परव्हॅन नेताना

कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीच्या, पहिल्या सफरीसाठी तुम्ही न्यूझीलंडचे दक्षिण बेट निवडलेत, हे उत्तम केलेत; तिथे वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे नवख्याची निम्मी धास्ती आपोआप कमी होते.

क्राइस्टचर्च शहर, टेकापो आणि पुकाकी ही सरोवरे, आओराकी (माउंट कुक) शिखराचा पायथा आणि लिंडिस खिंडीतून वानाका गाव, एवढाच मार्ग ठेवा. बहुतेकांची चूक होते ती वेळेच्या हिशेबात. क्राइस्टचर्च ते टेकापो हे सुमारे २२५ किलोमीटरचे अंतर नकाशावर तीन तासांचे दिसते, पण जड व्हॅनला पाच तास धरा. पुकाकीच्या काठाने जाणाऱ्या ८० क्रमांकाच्या महामार्गावर तर घाई करूच नका. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठाने दुधाळ निळे झालेले पाणी आणि समोर ३,७२४ मीटर उंचीचा आओराकी पाहताना गाडी मात्र रस्त्याबाहेरच्या थांब्यावरच उभी करा.

सुरुवातीला एवढे सांभाळा:

- एका वेळी एकच गाडी जाईल अशा अरुंद पुलावर तुमच्या दिशेचा बाण लहान आणि तांबडा असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्या.
- निघण्यापूर्वी गॅस बंद करा आणि कपाटांच्या कड्या लावा.
- वारा असताना दार हाताने घट्ट धरूनच उघडा.
- मुक्काम अधिकृत तळावरच करा; आओराकीच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिलचा तळ अप्रतिम आहे.
- सांडपाणी ठरवून दिलेल्या जागीच रिकामे करा.

हिवाळ्यातील बर्फ आणि चाकांच्या साखळ्या यांचा विचार सध्या नको. पहिली सफर तिथल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये करा.